दाढेनं दिलेलं उत्तर

आज दातांविषयी थोडं बोलणार आहे. मी दातांचा डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण १९९६ साली दोन दाढांच्या पंचनाम्यावर माझी सही झाली, आणि त्या दाढा काही मनातून गेल्या नाहीत.

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर नाल्याच्या काठी एक बेवारस प्रेत सापडलं. पावसाळा नुकताच सरला होता. चेहरा, कपडे, काहीच ओळखण्याजोगं उरलं नव्हतं. लिहिता-वाचता येतं म्हणून पोलिसांनी मला पंच केलं. डॉक्टरांनी जागेवरच तपासणी केली, दोन दाढा काढल्या, बाटलीत घालून सील केल्या. बाकीचं तिथंच पुरलं. हिंदू की मुसलमान, कोणाला ठाऊक? मी मनात फातेहा पढलो, पोलीस पाटलांनी हात जोडले.

दाढा कशासाठी, हे मी डॉक्टरांना विचारलं. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा चार महिन्यांपासून बेपत्ता होता. सगळ्यांच्या मनात तोच होता.

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ. मांस कुजतं, तरी त्या कवचाच्या आतला गर काही काळ टिकतो. त्या गरात आणि भोवतालच्या दंतिनात ए, बी या रक्तगटांच्या खुणा असतात. रक्ताचे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मांडले. पुढं ते वाळलेल्या डागातून, हाडातून, दातातूनही काढता येऊ लागले. रीत मोठी चतुराईची आहे. दाताची पूड करतात. तिच्यावर ए आणि बी ओळखणारी प्रतिद्रव्यं वेगवेगळी टाकतात. खूण जुळली तर ती पुडीला चिकटून बसतात. मग न चिकटलेलं सगळं धुऊन टाकतात, आणि साधारण ५६ अंशांच्या उष्णतेनं चिकटलेली प्रतिद्रव्यं सोडवून घेतात. त्यात माहितीच्या गटाच्या रक्तपेशी घातल्या, की गुठळ्या होतात किंवा होत नाहीत. एवढ्यावर निकाल.

आमच्या प्रकरणात सी. ए.चा अहवाल आला : गट बी. मावशींचं आणि काकांचं रक्त तपासलं होतं. दोघंही ओ. ओ गटाच्या आईबापांकडं मुलाला द्यायला ए नसतो, बीही नसतो. म्हणजे तो त्यांचा मुलगा नव्हे. रक्तगट ‘हाच तो’ असं कधी सांगू शकत नाही, एका गटाची लाखो माणसं असतात. ‘हा तो नव्हे’ एवढंच तो सांगतो. मी ते समजावून सांगितलं. मावशी म्हणाल्या, ‘‘मंग माहा पोरगा कोठी हाय?’’ गावात मात्र सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढं बऱ्याच वर्षांनी रक्तगटांवर वाचताना मुंबईची हकिगत समोर आली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक निराळाच रक्तगट शोधला. जगात तो ‘बॉम्बे’ नावानंच ओळखला जातो. या माणसांच्या रक्तात ए-बीचा पाया असलेलं ‘एच’ द्रव्यच नसतं. त्यामुळं अंगात बीचं जनुक असलं तरी ते दिसत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत माणूस ओ ठरतो. पण ते जनुक मुलाकडं जाऊ शकतं, आणि मूल बी निघू शकतं! भारतात अशी माणसं ढोबळमानानं दहा हजारांत एक. शिवाय कुजलेल्या अवशेषांवर वाढणारे काही जंतू बीसारखीच खूण दाखवतात, हेही तिथंच वाचलं.

आता दाताच्या गरातून डीएनए काढतात. हैदराबादला डॉ. लालजी सिंह यांनी १९८८ मध्ये ती विद्या आपल्याकडं रुजवली, पण १९९६ मध्ये आमच्या नाल्यापर्यंत ती पोचली नव्हती.

वाचून झाल्यावर मी मावशींकडं गेलो. दहा हजारांत एक, म्हणजे जवळजवळ नाहीच, असं वाटेत स्वतःला बजावत होतो. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ‘‘काही कळलं का रे बाप्पा?’’ त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

‘‘नाही मावशी,’’ म्हणालो, आणि बसून शेंगा सोलू लागलो.