सांगाडा आधी, नळी नंतर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्याने मला मोबाईलवर एक चित्र दाखवले. अमेरिकेतली एकनळी बंदूक आणि शेजारी चार सुट्या नळ्या. म्हणाला, "सर, एकाच बंदुकीवर सशापासून हरणापर्यंत सगळे भागते. आपल्याला अशी का नाही?" ज्याचा हरभरा रानडुकरांनी तीनदा उकरला, त्याने हे विचारावे यात नवल नाही. पण उभ्या उभ्या द्यायचे हे उत्तर नव्हते, म्हणून आज वेळ मागून घेतला.

आपल्याकडचे आधी सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले आहेत. नळी म्हणजे नांगराचा फाळ नव्हे, की बाजारातून आणला आणि ठोकला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानेदाराला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. शिवाय बंदुकीचा परवाना वेगळा आणि डुकरावर ती चालवण्याची वनखात्याची परवानगी वेगळी. अमेरिकेत उलटे आहे. तिथे नंबर असतो सांगाड्यावर, म्हणजे ज्यात चाप आणि घोडा बसतो त्या भागावर. कायद्याच्या लेखी तोच बंदूक. सुटी नळी टपालाने घरी येते. म्हणून एका सांगाड्यावर अनेक नळ्या हा प्रकार तिथे फोफावला.

२००९ साली मी काही महिने मिसुरी राज्यात मक्या-सोयाबीनच्या शेतावर राहिलो. यजमान सत्तरीचा. सोयाबीनच्या बांधाला ग्राउंडहॉग नावाचा बिळे करणारा प्राणी, मक्यात रॅकून, आणि हरणे तर दोन्हीकडे. त्याच्याकडे एच अँड आर कंपनीची एकनळी होती. दस्त्यापुढची लाकडी मूठ एका स्क्रूने सुटते, बंदूक मोडून उघडली की नळी हातात येते. साधी, स्वस्त, आपल्या दिवाणखान्यातल्या जुन्या बारा बोअरची चुलत बहीणच म्हणा ना.

या कंपनीचे सांगाडे दोन प्रकारचे. एसबी-१ छऱ्याच्या बंदुकीसाठी, एसबी-२ रायफलसाठी, जास्त मजबूत. दिसायला दोन्ही सारखे. एसबी-२ वर छऱ्याची नळी चालते, एसबी-१ वर रायफलची नळी चालत नाही. म्हाताऱ्याकडे वडिलांच्या वेळचा छऱ्याचा सांगाडाही होता. एका संध्याकाळी त्याने माझ्यासमोर त्यावर रायफलची नळी चढवली. खट्‌कन बसली, खटकाही लागला. मला वाटले, जमले. त्याने एक शब्द न बोलता ती उतरवून ठेवली आणि मग मला झापले. बसली म्हणजे चालेल असे कोणी सांगितले तुला?

मी कृषी पदवीधर, यंत्र अभियंता नव्हे. पण हिशोब सोपा आहे. ट्रॉली उचलणारा जॅक तुम्ही पाहिला आहे. जोर म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. काडतूस उडते तेव्हा त्याचे बूड मागे सांगाड्यावर आदळते. .२२३ काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला ५५ हजार पौंड, पण बूड जेमतेम ९.६ मिलिमीटर. जोर येतो सुमारे २,८०० किलो. .३०-३० चे बूड मोठे, पण दाब ४२ हजारच. जोर पुन्हा तेवढाच, थोडा कमी. आता .३०८ घ्या. बूड १२ मिलिमीटर, दाब ६२ हजार. जोर ४,९०० किलोच्या वर. पितळी कवच नळीला आतून घट्ट धरते, म्हणून प्रत्यक्षात जोर याहून कमी पडतो. प्रमाण मात्र हेच. म्हणजे काडतूस लहान की मोठे एवढे पाहून भागत नाही, आणि नुसता दाब पाहूनही नाही.

हा हिशोब समजला की थॉम्पसन सेंटर कंपनीच्या दोन सांगाड्यांतली निवड समजते. पहिला कंटेंडर, वॉरन सेंटर यांच्या रचनेचा, १९६७ साली बाजारात आला. दुसरा एन्कोर, नव्वदच्या दशकातला. कंटेंडर हलका. .२२ पासून .२२३, .३०-३० पर्यंत त्याची मजल; .३०८ त्यावर नाही. घोड्यावरची खूण फिरवून .२२ चे कडेने पेटणारे काडतूसही तो चालवतो. एन्कोर जड, .३०८ आणि .३०-०६ पेलणारा, बारा बोअरची नळी आणि ठासणीची नळीसुद्धा त्याला मिळते. .२२ चे कडेचे काडतूस मात्र त्यात नाही. आणि एकाची नळी दुसऱ्याला लागत नाही! चित्रात हे दिसत नाही.

दोन्हींत बिजागरीची खीळ काढली की नळी सुटते. घरी, हाताने, कारखान्याला न विचारता. प्रत्येक नळीवर तिची दुर्बीण राहते, म्हणून नेम दर वेळी नव्याने लावावा लागत नाही. एच अँड आरचे तसे नव्हते. एकदा जुळवलेल्या नळ्या घरी बदलता येत, पण नवी नळी हवी तर सांगाडा कारखान्यात पाठवायचा, तिथे ती जुळवून घ्यायची. २०१५ मध्ये ते उत्पादनच बंद झाले. म्हाताऱ्याला नातीसाठी हलकी नळी हवी होती; सांगाडा पाठवायचा कुठे? गावातला बंदूक-कारागीर जुळवून देतो म्हणाला, पण मजुरी ऐकून म्हाताऱ्याने फोनवर मला तिकडची एक शिवी शिकवली. थॉम्पसन सेंटरही २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली, २०२१ मध्ये विक्रीला निघाली आणि २०२४ मध्ये तिच्याच एका माजी प्रमुखाने घेतली. या घालमेलीतही जुना सांगाडा निकामी झाला नाही, कारण जुन्या नळ्या हातोहात फिरतात आणि खिळीने बसतात.

तिथेही कायद्याची मेख आहेच. दस्ता लावलेल्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असली तर वेगळी नोंदणी. कंटेंडर पिस्तूल, २१ इंची नळी आणि दस्ता असा संच विकला म्हणून सरकारने कंपनीकडून २०० डॉलर कर घेतला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तरीही पिस्तुलाची रायफल करताना जाणता माणूस आधी लांब नळी चढवतो, मग दस्ता.

मिसुरीतल्या शेतकऱ्याने मला विचारले तर मी म्हणेन, बिळातला प्राणी आणि शंभर पावलांवरचे हरीण एवढेच काम असेल तर कंटेंडर. बारा बोअर किंवा .३०८ लागणारच असेल तर एन्कोर, वजन सोसून. एच अँड आर घ्यायचीच तर नळ्या आधीच जुळवलेल्या असतील तरच, आणि सांगाडा एसबी-२ आहे याची खात्री करून.

म्हाताऱ्याने शेवटी तेच केले. आपल्या जुन्या दोन नळ्या तशाच ठेवल्या आणि नातीसाठी जुना कंटेंडर घेतला, .२२ आणि .३०-३० च्या नळ्यांसह. वडिलांचा तो छऱ्याचा सांगाडा भिंतीवर आहे. त्याला त्याने तांबड्या रंगाचा पट्टा मारला आहे, पुढच्या कोणी त्यावर रायफलची नळी चढवू नये म्हणून.