खताच्या पोत्यावरील कायदा

इंदूरकरांना कंपोस्टची ओळख करून देणे म्हणजे पंढरपुरात विठोबाच्या देवळाची वाट सांगण्यासारखे आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील कृषिसंशोधन संस्थेत खत करण्याची जी रीत बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धती’ म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली त्या विषयावर निघालेल्या ग्रंथावर त्यांच्या जोडीने यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे आपण मराठी माणसे सहसा विसरतो.

हॉवर्डसाहेबांच्या ढिगात पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातील माती आणि राख एवढेच पडत असे. त्याला कायद्याची गरज नव्हती. शहरच्या कचऱ्याचे तसे नाही. भाजीच्या देठांबरोबर विजेरीचे सेल, फुटका तापमापक आणि रंगाचे डबे एकाच टोपलीत गेले, की पारा, शिसे व कॅडमियमही खतात उतरतात. ही द्रव्ये कुजत नाहीत. खतात नत्र कमी पडले तर एका हंगामाचे नुकसान होते व पुढल्या साली ते भरून निघते. पण शिसे जमिनीच्या वरच्या थरात बसले, म्हणजे शेतकऱ्याच्या हयातीत ते निघावयाचे नाही.

आपल्याकडे पहिला खत नियंत्रण आदेश १९५७ साली निघाला आणि १९८५ च्या आदेशाने त्याची जागा घेतली. सेंद्रिय व जैविक खते मात्र त्याच्या कक्षेत आली ती २००६ साली. शहरी कंपोस्टच्या एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ आणि पारा अवघा ०.१५ मिलिग्रॅम, याहून अधिक असता कामा नये, असे त्यात ठरले. ओलावा १५ ते २५ टक्केच हवा, नाहीतर शेतकरी खताच्या भावाने पाणी विकत घेतो. कर्ब व नत्र यांचे प्रमाण विसास एकाच्या आत हवे. कारण अर्धवट कुजलेले खत पिकाला नत्र देण्याऐवजी जमिनीतलेच ओढून घेते. निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग होतात व त्यांतला एक विक्रेत्याजवळ राहतो, म्हणजे त्याच्यावरही अन्याय होऊ नये. अपराध शाबीत झाल्यास तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

एवढे असूनही माझे समाधान होत नाही. कायदा पोत्याचे तोंड शिवल्यावर मोजमाप करतो. विष शिरते ते त्याआधी, आपल्या दारातील टोपलीत. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी मर्यादेबाहेरचे कंपोस्ट खाद्यपिकांना वर्ज्य ठरविले, पण इतर कामांस चालेल असे म्हटले. बागेतल्या फुलझाडांसाठी म्हणून आणलेले ते पोते मेथीच्या वाफ्यात रिकामे होणार नाही, याची खात्री कोणी द्यावी? वाफ्याच्या कडेला निरीक्षक उभा नसतो.

म्हणून शेतकरी बंधूंनी निदान एवढे करावे. पोते घेताना त्यावरील उत्पादकाचे नाव व घटकांचे प्रमाण वाचावे, आणि पावती मागून घ्यावी. विक्रेत्याने ती दिलीच पाहिजे, असा आदेशातच नियम आहे. दुकानदार ओळखीचा आहे, त्याच्याकडे पावती कशी मागावी, हा संकोच सोडावा. तक्रारीची वेळ आली, तर हाताशी तोच कागद असतो.