नदी संपते तिथं दोन रात्री
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'आठवणी'. आठवणी सांगायला माझ्यापेक्षा तरबेज मंडळी इथं आहेत. त्यातली शेवटच्या बाकावरची मंडळी आजही शेवटच्याच रांगेत बसली आहेत, हे मी येतानाच पाहिलं. म्हणून आठवणी थोडक्यात आवरते आणि उरलेल्या वेळात एक मागणी मांडते. मागणी पैशांची आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना चहाला उठायचंय त्यांना उठता येईल.

आपल्या वस्तीचं नावच छावणी. पलटणीचा तळ पडला आणि तो कायमचा झाला. बराकी आल्या, चर्च आलं, बंगले आले, गुरुवारचा बाजार भरू लागला. पण तळावर वाढलेल्या आपण पोरांनी तंबूत रात्री काढल्या किती? स्काउटमधल्यांनी म्हैसमाळला एखादी काढली असेल. बाकीच्यांची सहल ठरलेली: दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, आणि शाळा फारच उदार झाली तर पैठणचं उद्यान. डबा खायचा, गाणी म्हणायची, संध्याकाळी लोखंडी पूल दिसला की समजायचं, सहल संपली.

समुद्र आपल्याला पुस्तकात भेटला. वर्गात महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असायचा. त्यात गोदावरी त्र्यंबकेश्वरला सुरू व्हायची आणि सिरोंच्याच्या पुढे राज्याची हद्द संपली की तीही संपायची. तिची लांबी 1,465 किलोमीटर आणि ती बंगालच्या उपसागराला मिळते, हे आपल्याला पाठ होतं. मिळते म्हणजे नेमकं काय होतं, हे मात्र आपल्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. एका गुणाच्या प्रश्नाला तेवढ्याची गरजही नव्हती.

पुढं मी भूगोल शिकवायला लागले आणि तोच एका गुणाचा प्रश्न मुलांना घालू लागले. मग 2018 पासून, करोनाची वर्षं सोडली तर, मी ज्या शाळेत शिकवते तिथली नववीची मुलं दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला नेते. दोन रात्री, तीन दिवस. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं लहानसं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासाच्या बाईंना ते माहीत असेल. इथून पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, महाड, मंडणगड असं जायचं. अंतर सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, म्हणजे पूर्ण दिवसाचा प्रवास. वाटेत महाडला आम्ही चवदार तळ्यावर थांबतो. आपल्या शेजारचं नागसेनवन, तिथलं 1950 साली सुरू झालेलं मिलिंद महाविद्यालय आपण रोज पाहिलं. ते उभं करणाऱ्या बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी ज्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं मुलं डोळ्यांनी पाहतात. पाणी कुणाचं, हा धडा तिथंच सुरू होतो. मला वेगळं शिकवावं लागत नाही.

महाडजवळून वाहणारी सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. सह्याद्री उतरून पोलादपूर, महाड करत ती बाणकोटला समुद्राला मिळते. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र शंभरएक किलोमीटरवर असेल, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ करून अख्खं दख्खन ओलांडते. सावित्री सरळ खाली उडी घेते आणि थोडक्यात प्रवास संपवते. म्हणून उगमापासून मुखापर्यंत एका सहलीत समजून घेता येईल अशी नदी आपल्या मुलांना हवी असेल, तर ती कोकणातली.

मुखाच्या दक्षिणेला बाणकोटचा किल्ला आहे. त्याचं नाव हिंमतगड, पुढं इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं. खाडीच्या पलीकडे हरिहरेश्वर. पैठणला आपण दक्षिण काशी म्हणतो, तिथले लोक हरिहरेश्वरला म्हणतात. यावरून आमच्या गाडीत दरवर्षी भांडण होतं आणि ते मी मिटवत नाही. किल्ल्यावरून खाली पाहिलं की एकीकडे खाडीचं गढूळ हिरवट पाणी, दुसरीकडे समुद्र, आणि दोन्हींच्या मध्ये लाटा फुटतात ती फेसाची ओळ. मुलांना तिथं बसवून मी सहा तास मोजायला लावते. ओहोटीला उघडी पडलेली वाळू भरतीला दिसेनाशी होते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटांनी पुढं. वहीत आकडे लिहिले की चंद्र आणि समुद्र यांचा संबंध मुलं स्वतःच सांगतात.

एकदा एका मुलीनं खाडीच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. तिच्या घरी कित्येक दिवसांनी एकदा नळ येतो, त्या दिवशी ती शाळेत उशिरा येते. ती म्हणाली, "बाई, एवढं पाणी, आन् खारट?" त्या एका वाक्यावर आमचा संध्याकाळचा तास झाला. भरतीला खारं पाणी नदीत किती आत शिरतं, कांदळवनं त्या पाण्यात कशी तग धरतात, कोकणात एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी का आटतात. पुस्तकात हे तीन वेगवेगळे धडे आहेत.

आता कासवांचं सांगते, कारण वेळास आज ओळखलं जातं ते त्यांच्यामुळं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत पाहायला येत नाही. पूर्वी ही अंडी लोक खाण्यासाठी, विकण्यासाठी काढून न्यायचे. उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथं काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनारा पालथा घालतात, वाळूतल्या माग काढलेल्या खुणांवरून घरटं शोधतात, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडं सोडतात.

पाहायला लोक येऊ लागले आणि गावानं त्यांना आपल्या घरात उतरवून घेतलं. आम्हीही तसेच उतरतो. ओटीवर, माजघरात सतरंज्या टाकून मुलं झोपतात. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी. पहिल्या रात्री आमची मुलं ज्वारीची भाकरी आणि ठेचा आठवून हळहळतात, दुसऱ्या रात्री काकूंकडं आणखी सोलकढी मागतात. राहण्या-जेवणाचे पैसे थेट त्या घरी जातात. कासवाचं अंडं एकदा विकून जे मिळायचं, त्यापेक्षा कासव जगवून दरवर्षी जास्त मिळतं, हा हिशोब गावानं करून दाखवलाय. अर्थशास्त्राचा असा धडा मला वर्गात घेता आला नसता.

तुम्ही विचाराल, मग वाळूवर तंबू का नाही ठोकत? छावणीची पोरं ना आपण! मुलंही दरवर्षी हेच विचारतात. कारण साधं आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की जिकडं उजेड जास्त तिकडं चालतं. काळोख्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी सर्वांत उजळ दिसतं, म्हणून ते समुद्रात पोचतं. वाळूवर तंबू आले की बल्ब आले, शेकोटी आली, गाणी आली, आणि पिल्लू उलट्या दिशेनं, जमिनीकडं निघतं. वर येणारी मादी उजेड पाहून माघारी फिरते. कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर आता तंबूंच्या रांगा लागतात. म्हणून आमच्या शिबिराचा पहिला नियम: झोपायचं गावात, किनाऱ्यावर जायचं गावकऱ्यांबरोबर, मोबाइल पिशवीत, फ्लॅश नाही. आणि पिल्लं दिसतीलच असं नाही. दोनदा आम्ही एकही पिल्लू न पाहता परतलो आहोत. मुलं नाराज झाली, पण निसर्ग आपल्या वेळापत्रकावर चालत नाही, हेही त्यांना नववीतच कळलं.

दुसरा नियम पाण्याचा, आणि इथं बसलेल्या शिक्षकांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. त्यानंतर समुद्राची सहल म्हटलं की मुख्याध्यापकांच्या हाताला घाम फुटतो. ती भीती खोटी नाही. नदीचं मुख तर साध्या किनाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचं. ओहोटीला नदीचा प्रवाह आणि उतरतं पाणी दोन्ही एकाच दिशेनं, बाहेर ओढतात. वाळूचे दांडे जागा बदलतात. काल गुडघाभर होतं तिथं आज बुडण्याइतकं असतं. म्हणून मुखापाशी आमचं कुणीही पाण्यात उतरत नाही, पोहता येणाराही नाही. गावासमोरच्या पुळणीवर, गावकरी दाखवतील तिथं, भरती-ओहोटीची वेळ पाहून, घोट्याएवढ्या पाण्यात. आठ मुलांमागे एक मोठं माणूस. शिट्टी वाजली की मोजणी. पालकांची सही घेण्याआधी हे सगळं पालकसभेत बोलून दाखवते. समुद्रापासून लांब ठेवलेलं मूल मोठेपणी मित्रांबरोबर एकटंच समुद्रावर जातं आणि तेव्हा त्याला ओहोटी म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं नसतं. मला ती भीती जास्त वाटते.

आता या सगळ्याचा आपल्या शाळेशी काय संबंध, ते सांगते. आपल्या छावणीला आणि शहराला विभागणारी खाम नदी आपण नदी म्हणून कधी पाहिलीच नाही. आपल्यासाठी ती नाला होती. पुलावरून जाताना आपण नाक धरायचो. पण खामचं पाणी पैठणकडं, नाथसागरात जातं, तिथून गोदावरीत, आणि गोदावरीतून आंध्रात थेट पूर्व समुद्रात. लोखंडी पुलावरून टाकलेली पिशवी कुठं जाऊ शकते, हे वेळास पाहून आलेल्या मुलाला समजवावं लागत नाही. किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करताना त्यानं ते हातात धरलेलं असतं.

आणि पूर्व समुद्र आपल्याला वाटतो तेवढा लांब नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली पायाला धातूचा क्रमांक लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी 2025 मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. भारताला वळसा घालून ती साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास पोहली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही बातमी वर्गात सांगितली तेव्हा एक मुलगा नकाशापाशी गेला आणि त्यानं पहिल्यांदाच महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर बोट फिरवलं.

तर मागणी अशी. आपल्या बॅचनं शाळेला भेट द्यायची ठरली आहे आणि प्रवेशद्वाराची कमान बांधावी असा प्रस्ताव आहे. कमान चांगलीच दिसेल. तिच्यावर आपलं साल कोरलं जाईल, आणि पंधरा वर्षांनी रंग उडाला की पुढच्या बॅचला तो द्यायला लागेल. मी सुचवते, त्याच पैशांतून शाळेच्या नववीतली तीस मुलं दरवर्षी वेळासला पाठवावीत, निदान पाच वर्षं. बस, राहणं, जेवण, विमा आणि प्रथमोपचाराची पेटी एवढाच खर्च. निवड गुणांवर नको. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही ती आधी. मुली आणि मुलगे सारखे. सोबत शाळेचे दोन शिक्षक आणि आपल्यातले दोघं. यात आपल्या बॅचचे डॉक्टर एकदा तरी यावेत, अशी माझी अट आहे. पहिल्या दोन वर्षांची आखणी, गावाशी बोलणं, पालकसभा हे सगळं मी करते. त्यासाठी मला रजा घ्यावी लागेल, ती मी घेईन.

सर, तुम्ही आम्हाला नद्या पाठ करून घेतल्या म्हणून आज मी हे बोलू शकते. पाठ केलेलं आयुष्यभर पुरलं. आता या पोरांनी ते जाऊन बघावं, एवढंच मागते.

दाराशी वही ठेवली आहे. एका पानावर 'कमान' लिहिलंय, दुसऱ्यावर 'वेळास'. जाताना कुठल्या तरी पानावर सही करून जा. आणि शेवटच्या बाकावरच्यांनो, दोन्ही पानांवर सही चालणार नाही.