पोलादी नळातील प्लॅस्टिकचे अस्तर आणि त्यातून निसटणारा वायू



हिंगाची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड घट्ट बांधून डब्यात ठेवली तरी दोन दिवसांनी डब्यातील इतर जिन्नसांना हिंगाचा वास लागतो. पिशवीला भोक नसते, गाठही सुटलेली नसते. तरीही वास बाहेर येतो. स्वयंपाकघरातील या किरकोळ अनुभवामागे जो निसर्गनियम आहे, तोच तेलक्षेत्रातील वाहिन्यांची देखभाल करणाऱ्या अभियंत्यांपुढे मोठा प्रश्न उभा करतो.

विहिरीतून निघणारे खनिज तेल शुद्ध नसते. त्याच्याबरोबर खारे पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि कित्येक ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू येतो. या मिश्रणाने पोलादी नळ आतून गंजतो. सबंध वाहिनी उखडून नवी टाकणे फार खर्चाचे असते. यास्तव कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, ओमानच्या वाळवंटात आणि अन्यत्र जुन्या नळात पॉलिएथिलीनचा अखंड नळ ओढून बसविण्याची पद्धत रूढ झाली. पोलादाच्या आतील व्यासापेक्षा किंचित मोठा असा हा नळ साच्यातून किंवा रुळांमधून दाबून तात्पुरता बारीक करतात आणि तारदोराने शेकडो मीटर आत ओढतात. ताण सुटला की तो फुगून पोलादाला चिकटतो. दाब सोसण्याचे काम पोलाद करते, गंज रोखण्याचे काम अस्तर करते. मरणपंथाला लागलेल्या वाहिनीला अशा रीतीने नवे आयुष्य लाभते.

तथापि प्लॅस्टिकचे अस्तर द्रवाला अडविते तसे वायूला पूर्णपणे अडवीत नाही. वायूचे रेणू अस्तराच्या आतील पृष्ठभागात विरघळतात, प्लॅस्टिकच्या लांब रेणुसाखळ्यांमधील सूक्ष्म अवकाशांतून वाट काढतात आणि कमी दाबाच्या बाजूस बाहेर पडतात. हा शोध जुनाच आहे. फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन मिचेल यांनी १८३१ साली रबराच्या फुग्यांतून निरनिराळे वायू निरनिराळ्या वेगाने निसटतात, हे नोंदविले. लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख असलेले रसायनज्ञ टॉमस ग्रॅहम यांनी १८६६ साली त्याची मीमांसा केली : वायू आधी पडद्यात विरघळतो, मग त्यातून पसरतो. दाब वाढला की हे झिरपणे वाढते, जाडी वाढली की घटते आणि उष्णतेने झपाट्याने वाढते.

निसटलेला वायू पोलाद व अस्तर यांच्यामधील अरुंद सांदीत साचतो. वाहिनी चालू असेतो त्याचा उपद्रव नसतो, कारण आतील दाब अस्तराला पोलादावर दाबून धरतो. संकट येते ते वाहिनी थांबविण्याच्या दिवशी. दुरुस्तीसाठी आतील दाब एकदम उतरविला, की सांदीतील वायू कोंडलेला राहतो, प्रसरण पावतो आणि अस्तराला आत ढकलतो. पातळ भिंतीचा नळ बाहेरील दाबापुढे फारसा टिकत नाही. जाडी निम्मी केली, तर ही सोसण्याची ताकद निम्म्याहून कितीतरी खाली येते. अस्तर लांबच लांब घडी पडून कोसळते. काही वेळा पुन्हा दाब भरल्यावर ते सरळ होते, परंतु घडीच्या ठिकाणी ते दुर्बल झालेले असते आणि अशा काही आघातांनंतर तेथे चीर पडते. मग खारे पाणी नेमके त्या जुन्या, गंजलेल्या पोलादाला जाऊन भिडते, आणि बाहेरून पाहणाऱ्यास वाहिनी सुरक्षितच दिसते.

उपाय साधा आहे. अस्तराच्या प्रत्येक खंडाच्या टोकाशी पोलादाला लहान छिद्र पाडून तेथे झडप बसवितात आणि ठरावीक काळाने सांदीतील वायू बाहेर सोडतात. बंद करतेवेळी मुख्य दाब सावकाश उतरवितात. मात्र हे काम हलके समजू नये. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की तोच वायू नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर करतो. म्हणून झडप उघडणाऱ्याने वासावर विसंबून चालत नाही, वायूमापक जवळ बाळगावा लागतो.

झडपेपाशी ठेवलेली नोंदवही हे या व्यवस्थेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन होय. झिरपण्याने सांदीतील दाब हळूहळू, जवळपास ठरल्या गतीने चढतो. तो एकाएकी उसळला, किंवा वायूऐवजी पाणी अथवा तेल बाहेर आले, तर अस्तर फाटले असे समजावे. मागील नोंदीच नसतील, तर हा फरक ओळखणार कसा? अस्तर बसविण्याच्या कामाला निविदा असते, अंदाजपत्रक असते, क्वचित समारंभही असतो. झडप उघडून आकडा लिहिणाऱ्याचे पद मात्र पुष्कळदा कोणाच्याच आस्थापना-सूचीत नसते.

महाराष्ट्राला या विषयाचे अप्रूप वाटू नये. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि पुढे समुद्रतळावरील पोलादी वाहिन्या उरणच्या किनाऱ्यापर्यंत आल्या. पोलाद कोठलेही असो, ते वयानुसार झिजतेच.

पॉलिएथिलीन तेलाच्या सहवासात फुगते आणि साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडते. अधिक उष्ण वाहिन्यांसाठी नायलॉनच्या वर्गातील अस्तरे वापरतात. त्यांतून तेलजन्य वायू कमी झिरपतो. त्यांपैकी नायलॉन-११ हा प्रकार एरंडेलापासून बनतो, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. हे नायलॉन महाग आहे आणि उष्ण पाण्याने कालांतराने ठिसूळ होते. त्यातूनही थोडा वायू निसटतोच, आणि तेथेही पोलादाला छिद्र पाडून झडप बसवावी लागते.