संगणकाच्या डिस्कवरील स्नॅपशॉट : तपासणी आणि देखभाल



सरकारी दप्तरात एक जुना दंडक आहे. वहीतील नोंद चुकली तर ती खरवडून काढावयाची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून शेजारी शुद्ध नोंद करावयाची आणि खाली सही करावयाची. पूर्वी काय लिहिले होते ते मागाहून येणाऱ्यास वाचता यावे, हा त्यामागील हेतू. आज वहीची जागा संगणकाच्या डिस्कने घेतली आहे. एक-चौदाचा उतारा, जन्ममृत्यूची नोंद, शाळेचा निकाल ही सारी माहिती आता डिस्कवर राहते. तेथे हा दंडक कसा पाळला जातो आणि तो नीट पाळला जातो की नाही हे कोण पाहतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम आभासी यंत्र म्हणजे काय ते पाहू. एखाद्या मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहावीत आणि प्रत्येकाची चूल वेगळी असावी, तशी ही व्यवस्था आहे. एकाच शक्तिमान संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक आभासी संगणक चालविले जातात. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, तेव्हापासून ही कल्पना व्यवहारात रुळली. फॅब्रिस बेलार या फ्रेंच आज्ञावलीकाराने २००३ साली क्यूएमू ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. २००७ साली केव्हीएम या जोडीदाराचा लिनक्सच्या गाभ्यात समावेश झाला. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मेघराज ही सेवा २०१४ साली सुरू झाली. शासकीय खात्यांना तीतून अशीच आभासी यंत्रे पुरविली जातात.

आभासी यंत्राची डिस्क ही वस्तुतः खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. क्यूएमूच्या क्यूकाऊ-टू या पद्धतीत या फाइलचे सामान्यतः ६४ केबीचे तुकडे पाडतात. म्हणजे १०० जीबीच्या डिस्कचे १६ लाखांहून अधिक तुकडे होतात. कोणता तुकडा कोठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि प्रत्येक तुकड्यावर किती जणांचा हक्क आहे याची दुसरी नोंदवही असते.

स्नॅपशॉट घेतला जातो तेव्हा सारी डिस्क उतरून काढली जात नाही. तसे केल्यास तासन्‌तास लागतील. केवळ अनुक्रमणिकेची वरची पाने उतरून घेतात आणि तुकड्यांवरील हक्कदारांची संख्या वाढवितात. त्यानंतर वापरात असलेला तुकडा बदलावयाची वेळ आली की, त्यावर दोघांचा हक्क आहे असे पाहून आज्ञावली नवा तुकडा घेते व बदल तेथे लिहिते. जुना तुकडा जसाच्या तसा राहतो. वहीतील रेघेचा दंडक येथे या रीतीने पाळला जातो.

सारी भिस्त त्या हक्कसंख्येवर आहे. ती दोन प्रकारे चुकू शकते. खऱ्यापेक्षा जास्त लागली, तर रिकामा तुकडा अडकून पडतो. जागा वाया जाते, परंतु माहितीस धक्का लागत नाही. उलट ती कमी लागली, तर हक्क असलेला तुकडा रिकामा समजला जातो आणि त्यावर दुसरीच माहिती लिहिली जाते. त्या क्षणी कोणतीही घंटा वाजत नाही. पुढे कधी तरी जुनी नोंद परत मिळविण्याची निकड भासते, तेव्हा ती नष्ट झाल्याचे उघड होते.

म्हणूनच ही आज्ञावली तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो : या दोन ओळींच्या मधोमध वीज गेली तर काय होईल? धर्मशाळेच्या व्यवस्थापकाचे उदाहरण घ्या. पाहुणा आला की तो आधी वहीत खोली भरल्याची नोंद करतो आणि मग किल्ली देतो. पाहुणा निघाला की आधी किल्ली परत घेतो आणि मग खोली रिकामी लिहितो. मध्येच काही विघ्न आले तर फार तर एक खोली विनाकारण भरलेली दिसेल. एका खोलीत दोन बिऱ्हाडे कधीच शिरणार नाहीत. स्नॅपशॉटच्या आज्ञावलीतही हाच क्रम ठेवतात : आधी हक्कसंख्या वाढवावयाची, मग अनुक्रमणिकेत नोंद, सोडताना आधी नोंद पुसावयाची, मग संख्या कमी करावयाची. हा क्रम कोणी नकळत उलटा केला, तरी रोजच्या वापरात सर्व सुरळीत दिसते. डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या तपासनिसालाच तो दोष आढळतो.

क्यूएमूमध्ये प्रत्येक बदल सर्वांसमोर ठेवला जातो. लिहिणारा त्यावर आपले नाव घालतो; तपासणाराही आपले नाव नोंदवितो. जुनी चूक पुन्हा शिरू नये म्हणून चाचण्या चालविल्या जातात. कोणत्या विभागाची निगा कोण राखतो याची यादी असते व तीत विभागाची स्थितीही लिहितात. कोणी पगारी निगा राखतो, कोणी स्वेच्छेने. आणि ज्यास कोणी वाली नाही त्या विभागापुढे ‘अनाथ’ असा शेरा असतो.

वाली नसल्याचा परिणाम काय होतो? फ्लॉपी डिस्क जवळजवळ वापरातून गेली, तरी तिची आज्ञावली क्यूएमूमध्ये राहिली. २००४ सालापासून तीत एक चूक दडून होती. ती मे २०१५ मध्ये ‘व्हेनम’ या नावाने जगापुढे आली. एका आभासी यंत्रातील दुष्ट हेतूच्या माणसास बाहेर पडून मूळ संगणकावर ताबा मिळविण्याची वाट त्या चुकीने मोकळी होऊ शकत होती. हीच आज्ञावली झेन व व्हर्च्युअलबॉक्समध्येही घेतलेली असल्याने तीही बाधित झाली. दुरुस्ती थोडक्या ओळींची होती. परंतु ती होण्यास अकरा वर्षे जावी लागली.

अधिकारी वर्गाने तीन गोष्टी ध्यानी धराव्यात. स्नॅपशॉट म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तो त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क बिघडताच दोन्ही जातात. म्हणून वेगळ्या ठिकाणी स्वतंत्र प्रत हवी. स्नॅपशॉट घेताना चालू व्यवहार क्षणभर थांबवावेत, अन्यथा अर्धवट नोंद टिपली जाते. आणि ठेवलेली प्रत अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनी विद्यार्थ्यांना ही आज्ञावली दाखवावी. ती खुली आहे. वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामस्थांनीही कार्यालयात नम्रपणे विचारावे : आमच्या उताऱ्याची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची केव्हा उघडून पाहिली? या प्रश्नाचे उत्तर तारखेसह मिळाले, तर दप्तर जागते आहे असे समजावे.