साधे यंत्र, साधी श्रद्धा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



या व्याख्यानमालेत मीही काही बोलावे, असा निरोप कार्यवाहांनी धाडला तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे कळविले की, सरकारी फायली सोडल्या तर मला दोनच गोष्टींची थोडीफार माहिती आहे. एक म्हणजे माझी जुनी येझदी मोटारसायकल आणि दुसरी म्हणजे ज्या धर्मात माझा जन्म झाला तो ख्रिस्ती धर्म. ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "मग दोन्हींवर बोला." त्यांनी हे विनोदाने म्हटले असावे. मी मात्र ते मनावर घेतले.

माझी गाडी आपल्या शेजारच्या म्हैसूरची. तेथील यादवगिरी भागात १९६१ साली आयडियल जावा हा कारखाना सुरू झाला. मूळ जावा चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक हे संस्थापकाचे आडनाव आणि वाँडरर ही त्याने विकत घेतलेली जर्मन बनावट, या दोहोंच्या आद्याक्षरांतून १९२९ साली हे नाव तयार झाले. पुढे म्हैसूरच्या गाडीला येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. मी ही गाडी १९९४ साली, बदलीवर बंगळूरला आल्यावर, जुन्या बाजारातून घेतली. त्या वेळी माझ्या पगारात तेवढेच बसत होते.

या गाडीच्या इंजिनाची रचना विलक्षण साधी आहे. ते दोन-ठोक्यांचे इंजिन, म्हणजे त्यात झडपा नाहीत आणि त्या उघडमीट करणारी यंत्रणाही नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: दट्ट्या, त्याला जोडलेला दांडा आणि फिरणारा कणा. वंगणाची निराळी व्यवस्था नाही. पेट्रोलमध्येच मोजून तेल मिसळायचे. मला सर्वांत मौज वाटते ती किकची. किक मारून झाली की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा, की तो गिअरचा दांडा होतो. एका हातात लाटणे आणि त्याच लाटण्याने मुलाला धाक, असे आमच्या आईचे जे चालायचे त्यातलाच हा प्रकार!

१९९८ साली माझे वडील नगर जिल्ह्यातून, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात तेथून, काही दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नातीसाठी चन्नपट्टणची लाकडी खेळणी आणावीत म्हणून आम्ही दोघे एका रविवारी निघालो. रामनगर ओलांडले आणि गाडी बंद पडली. (आज त्या मार्गाला समांतर द्रुतमार्ग झाला आहे आणि २०२३पासून त्यावर दुचाकींना बंदी आहे, हे जाता जाता सांगतो.) मी रस्त्याच्या कडेला बसून इंजिनाच्या बाजूचे झाकण काढले. पॉइंटवर काजळी धरली होती. खिशातल्या पॉलिश पेपरच्या तुकड्याने ती घासली, फट अंदाजाने जुळवली आणि दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. तेवढा वेळ वडील चिंचेच्या झाडाखाली एक भजन गुणगुणत उभे होते. मी हात पुसू लागलो तेव्हा म्हणाले, "टिळकांना ही गाडी आवडली असती."

टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्यापैकी अनेकांना ते क्रमिक पुस्तकातील कवी म्हणून ठाऊक असतील. आमच्याकडे ते घरातले होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेल्या या ब्राह्मण पंडिताने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. परदेशातून आलेल्या धर्माबरोबर परदेशी बाके, परदेशी चाली आणि परदेशी पैसा यांचे जे लटांबर आले होते, ते खेड्यातल्या माणसाला उचलत नाही, हे त्यांनी ओळखले. बिघडले तर त्याला ते दुरुस्तही करता येत नाही. साहेबाची वाट पाहावी लागते. टिळकांनी अभंग आणि ओव्या रचल्या, ख्रिस्ती कीर्तन रुजविले. 'उपासना संगीत' या आमच्या भजनसंग्रहात त्यांच्या रचना विपुल आहेत. आमच्या गावच्या देवळात, होय, आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू, सतरंजीवर बसून पेटी-तबल्यावर तीच भजने होत. वडिलांच्या उद्गाराचा अर्थ मला तेथेच उमगला. झाकण उघडून पाहता येते आणि आपल्या हातांनी चालू करता येते, ते साधे.

परंतु हे साधेपण फुकट मिळत नाही. आपल्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. पुण्याजवळ केडगावच्या मुक्ती मिशनमधील अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल असे बायबल त्यांना मराठीत हवे होते. त्यासाठी संस्कृतात पंडिता ही पदवी मिळविलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षे भाषांतर चालले होते. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. वाचणारीला सोपे वाटावे म्हणून केलेले ते कष्ट.

आणि कधी कधी साधेपणाचा भार उचलतो कोणी दुसराच. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे प्रवेश होता. मला त्या कल्पनेपुढे आजही नतमस्तक व्हावेसे वाटते. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. हाती आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत टिकत नसे, याच्या हकिकती त्यांनी हसत हसत सांगितल्या आहेत. वाचताना आपणही हसतो. पण त्या घरातली चूल कोण पेटवीत होते, हेही दिसत राहते. वडिलांना हे मी एकदा बोलून दाखविले. त्यांना ते रुचले नाही. माझे मत मात्र अद्याप तेच आहे.

माझ्या गाडीचेही तसेच. पेट्रोलबरोबर तेल जळते, त्याचा निळसर धूर मागच्या माणसाच्या नाकात जातो. मला ज्या सोप्या रचनेचे कौतुक, तिची किंमत सिल्क बोर्डच्या चौकात माझ्यामागे ताटकळणारी एखादी विद्यार्थिनी मोजते. आमच्या सौभाग्यवतींनी हे माझ्या आधी ओळखले होते, आणि परसात वाळत घातलेल्या कपड्यांच्या संदर्भात ते वारंवार ऐकविलेही होते. काही वर्षांपूर्वी मी कचेरीला मेट्रोने जाऊ लागलो. गाडी विकली नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे, गावाबाहेर एक फेरी होते. ही तडजोड आहे, हे मला मान्य आहे.

२०११ साली वडील येथेच, आमच्या घरी वारले. अंत्यविधी इंग्रजीत झाला. तो नीटनेटका होता, पाळकसाहेब भले गृहस्थ होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या संपूर्ण विधीत वडिलांना आवडणारे एकही भजन नव्हते, कारण तेथे मराठी गाणारे आम्ही घरचे चौघेच, आणि आमच्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटत नव्हता. या शहरात मराठी ख्रिस्ती माणसाची अडचण अशी की, देवळात तो मराठी म्हणून एकटा पडतो आणि मराठी मंडळींत ख्रिस्ती म्हणून. "तुम्ही घरी इंग्रजीच बोलत असाल ना?" हा प्रश्न मला याच सभागृहात दोन-तीनदा विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या मनात वावगे काही नव्हते.

संध्याकाळी दारावर थाप पडली. आपल्या मंडळाच्या भजनी मंडळातील पाच जण, त्यांत तीन भगिनी, पेटी आणि टाळ घेऊन आले होते. पेटीवाल्या काकांनी विचारले, "वडील काय म्हणत असत?" मी कपाटातून वडिलांचे 'उपासना संगीत' काढून दिले. काकांनी चष्मा चढवून पान पाहिले आणि म्हणाले, "अहो, हा तर अभंगच आहे. चाल कशाला शोधायची?" आणि त्यांनी सूर धरला. बाकीच्यांनी पुस्तकात डोकावत साथ दिली. दुसऱ्या कडव्यापासून माझी आईही गाऊ लागली. रामनगरच्या रस्त्यावर वडील जे गुणगुणत होते, तेच ते भजन.

ते पुस्तक मी त्या रात्री काकांकडेच राहू दिले. ते अजून परत आलेले नाही आणि मीही ते मागितलेले नाही.