शाकाहार : रीतीचा आणि नीतीचा

मांसाहार करावा की नाही, हा वाद आपल्याकडे बहुधा घराण्यावर येऊन थांबतो. ‘आमच्यात चालतं’ किंवा ‘आमच्यात चालत नाही’ म्हटलं की विषय मिटतो. पण हे उत्तर रीतीचं झालं. नीतीचा प्रश्न वेगळा आहे : माझ्या जिभेसाठी दुसऱ्या जिवानं का मरावं?

रीतीकडून नीतीकडे जाणारी वाट गांधीजींच्या आयुष्यात स्वच्छ दिसते. वैष्णव घरातल्या मोहननं राजकोटला शाळेत असताना मित्राच्या नादानं चोरून मांस खाल्लं. इंग्रज मांस खातात म्हणून बलवान, अशी समजूत होती. ते सुटलं, कारण आईवडिलांशी खोटं बोलवेना. १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईला शब्द दिला, म्हणून तिथंही पाळलं. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक वाचल्यावर मात्र त्यांनी शाकाहार स्वतःहून निवडला.

एकदा निवड केली की पुढचे प्रश्न उभे राहतात. गाई-म्हशींचे हाल कळल्यावर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडलं. १९१८ च्या मोठ्या आजारानंतर डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला, तेव्हा शेळीचं दूध घ्यायला काय हरकत, असं कस्तुरबांनी सुचवलं. गांधीजींनी ते घेतलं. पण प्रतिज्ञेचे शब्द पाळले आणि तिचा आत्मा गमावला, ही खंत आत्मचरित्रात नोंदवून ठेवली.

ही खंत आपल्याही कामाची आहे. चहातलं दूध, तूप, श्रीखंड आपण शुद्ध शाकाहारी मानतो. पण गाय-म्हैस दूध देते ती व्याल्यावर, आणि तिची निम्मी पिल्लं नर असतात. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचं काम गेलं. रेड्याला तर आधीही थोडंच होतं. त्यांचं पुढे काय होतं, हे दूध पिणारा सहसा विचारत नाही.

म्हणून सगळे सारखेच, असं नाही. हिंसा टाळता येईल तेवढी टाळावी, ही शाकाहाराची बाजू भक्कमच आहे. वारकरी तुळशीची माळ घालतो आणि मांसाहार सोडतो, तो नेम त्याचा स्वतःचा असतो. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय, याची चौकशी त्यात नसते. शहरात मात्र मासळी खाणाऱ्याला भाड्यानं घर नाकारणारे भेटतात. तिथं प्राण्याविषयीची दया कमी आणि माणसाविषयीचा दुरावा जास्त असतो.

नोव्हेंबर १९३१ मध्ये गांधीजी लंडनच्या शाकाहारी मंडळासमोर बोलले, तेव्हा सॉल्टही हजर होते. शाकाहाराला नीतीचा पाया हवा, असं त्यांनी सांगितलंच. त्याबरोबर शाकाहारी माणसानं सहिष्णू आणि नम्र असावं, असंही बजावलं. पहिला उपदेश आपल्याला पटकन पटतो. दुसरा पाळायचा, तर आधी स्वतःच्या ताटाकडे नीट पाहावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)